मुक्या गाडीची येळवस

सन १९८५. मी पंचेचाळीस वर्षांचा होतो, लातूर जिल्हा तीन वर्षांचा होता आणि माझ्या गाडीला सायलेन्सर नव्हता.

पहिल्या दोन गोष्टींवरून मला कोणी कधी काही बोललं नाही. तिसरीवरून अख्खा औसा बोलायचा, आणि आता माझे दात पडले तरी बोलतो. परवा एका बारशाला गेलो, तर कालपरवा मिसरूड फुटलेला एक जण मला विचारतो, "आप्पा, तुम्हीच का वो ते, गादी पेटवून पाव्हणे आणलेले?" मी तिथून न जेवता उठलो. म्हणून हे लिहून ठेवतोय. माझी शाळा चौथीपर्यंत (मास्तरांशी पटलं नाही, चूक मास्तरांची होती), तेव्हा काना-मात्रा इकडंतिकडं होईल. पण त्या दिवशी काय झालं हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? गाडी मी चालवत होतो.

गाडी अँबॅसिडर. म्हणजे वरून. आतली गोष्ट वेगळी. हैदराबादेत कुठल्याशा नवाबाच्या घराण्याचं गॅरेज रिकामं झालं, तेव्हा नांदेडच्या रशीद मिस्त्रीनं तिथून एक परदेशी इंजिन उचलून आणलं. म्हशीएवढं. ते त्यानं माझ्या अँबॅसिडरच्या पोटात कसं कोंबलं ते त्यालाच ठाऊक. बॉनेट लागेना म्हणून बॉनेटला भोक पाडलं. मग म्हणाला, "शेटजी, इंजिन को सांस लेने कू होना." आणि सायलेन्सर काढून फेकला, त्याच्या जागी बोअरच्या केसिंगएवढी जाड सरळ नळी लावली, इंजिनापासून थेट मागच्या बंपरपर्यंत.

तुम्ही विचाराल, औशाच्या आडत दुकानदाराला असल्या गाडीची गरज काय? मला हा प्रश्न आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं विचारला, मेव्हण्यानं विचारला, गुरुवारच्या भजनात बसणाऱ्या प्रत्येकानं विचारला. मी उलट विचारतो, गरज नव्हती तर मी लातूरला कसा जायचो? जिल्हा नवा झाला होता. रोज एक नवा साहेब, रोज एक नवं ऑफिस, आणि प्रत्येक ऑफिसात माझा एक कागद. आणि खरं सांगायचं तर पाऊस नसल्यामुळं मोंढ्यात पोत्यांची आवक बंद होती. औशात तेव्हा जोरात चालणारी एकच वस्तू होती, माझी गाडी.

हां, आवाज होता. मी नाही म्हणत नाही. गाडी सुरू केली की किल्ल्यावरची पाखरं उठायची. दुकानातल्या तराजूची पारडी आपोआप डुलायची. पण लोकांनी जे आरोप केले ते ऐका. शेजारी गुरप्पा एके दिवशी सकाळी ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, आप्पा, तुमच्या गाडीपायी आमच्या म्हशीनं दूध चोरलं.

"म्हशीला वैरण काय घालता गुरप्पा?"

"वैरण कुठून घालू? दुष्काळ हाय."

"मग गाडीला का बोलून राहिला? पावसाला जाऊन बोल."

यावर तो उठून गेला. पण गल्लीत जाऊन त्यानं म्हशीची बाजू इतकी चांगली मांडली की दोन दिवसांनी माझ्याच बायकोनं म्हशीची बाजू घेतली.

दुसरा आरोप टँकरवाल्या बायांचा. गावात पाणी टँकरनं यायचं. कधी येईल त्याचा नेम नव्हता. आता टँकर लांबून कसा वाजतो? घों करत. आणि माझी गाडी? तीही घों करत. मी लातूरहून यायचो, वेशीजवळ पोचायचो, आणि अख्ख्या आळीतल्या बाया घागरी, कळशा, हंडे घेऊन धावत सुटायच्या. पुढं बघतात तर काय, टँकर नाही, मन्मथप्पा! एकीनं तर पोळी तव्यावर सोडली होती. त्यांनी मला ज्या शिव्या घातल्या त्या चौथी शिकलेल्या माणसालाही लिहिता येत नाहीत. मी गाडीतून उतरून शांतपणे समजावलं की पाणी आणतो असं मी कधी म्हणालो नव्हतो. त्यानं त्या आणखी चिडल्या. का, ते मला अजून समजलेलं नाही.

हे सगळं मी पचवलं. पण मग मंगलचं ठिकाण आलं.

मंगल माझी थोरली. ठिकाण मुदखेडचं. घर आमच्यातलंच, शिवभक्त, दारी भिक्षेला आलेल्या जंगमस्वामीला पीठ वाढल्याशिवाय न जेवणारं. पोरगा नांदेडला सरकारी नोकरीत. पोराचे वडील बसलिंगप्पा, रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. ही माणसं मुलगी बघायला आली. पोहे झाले, मुलगी पसंत पडली, आणि मी मोठ्या मनानं म्हणालो, चला, गाडीतून औसा दाखवतो. दाखवला. परत आलो तेव्हा पोराच्या आईच्या दोन्ही कानांत पदराचे बोळे होते, आणि बसलिंगप्पा तांब्याभर पाणी पिऊन निघून गेले.

चार दिवसांनी मेव्हण्याच्या मार्फत निरोप आला. मुलगी पसंत आहे. पण गार्डसाहेब म्हणतात, तीस वर्षं इंजिनाच्या मागं राहून नोकरी केली, आता कान शांत पाहिजेत. ज्या बापाची गाडी एवढी ओरडते तो बाप कसा असंल? येळवशीला तुमच्या शेतात जेवायला येतो. घर, माणसं, वागणं निवांत बघतो, आणि तिथंच काय तो होकार-नकार देतो.

मी भडकलो. बघायला कोण आलंय, मुलगी का गाडी? गाडी काय मंगल चालवणार आहे? मेव्हण्याला म्हणालो, सांग त्यांना, मन्मथप्पाच्या दारात चार ठिकाणं उभी आहेत. (एकही नव्हतं.) तेवढ्यात मंगल आतून चहा घेऊन आली. कप ठेवला आणि तिथंच उभी राहिली. पोरगी कधी बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली.

"आप्पा, मला ते घर आवडलंय."

एवढंच. आणि आत गेली. मी चहा प्यालो, मेव्हण्याला म्हणालो, सांग, या म्हणावं येळवशीला. पेटीतली मांजर बोलंल पण मन्मथप्पाची गाडी बोलणार न्हाई.

आता पुण्यामुंबईकडं येळवस माहीत नसते, म्हणून सांगतो. वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत दगडाचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवण. भज्जी (तळलेली भजी नव्हे, पालेभाजी न् ओल्या दाण्यांची घट्ट भाजी), ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, आणि बिंदग्यात, म्हणजे मडक्यात, ताकाची आंबील. वाटंनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाका मारून जेवायला बसवतात. दिवस मावळायला आला की कडब्याची पेंढी पेटवून धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, शेताभोवती फिरवतात, तो हेंडगा. हेंडगा फिरला की येळवस संपली. भांडी गोळा करायची, घरी जायचं. हेंडगा फिरल्यावर कोणी जेवत नाही, कोणी वाढत नाही. पाहुण्याला बोलावून त्याच्या आधी हेंडगा फिरवणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं वाटोळं इथंच झालं.

येळवस आठवड्यावर होती. मी गाडी घेऊन नांदेडला रशीद मिस्त्रीकडं गेलो. म्हणालो, आवाज बंद कर. मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या घरी मयताला हसलोय.

"अपने बेटे का गला मैं घोंटूं क्या शेटजी? नक्को. दूसरा मिस्त्री देखो."

मी म्हणालो, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, पोरगी त्या घरात देऊ नका, ज्यांना असं इंजिन आवडत नाही ती माणसं चांगली नसतात. (हे मला पटलं होतं, पण घरी सांगण्यासारखं नव्हतं.) शेवटी चहा पाजला तेव्हा तो नुसतं तोंडानं सांगायला तयार झाला. भोकं पाडलेली नळी घ्यायची, तिच्याभोवती पत्र्याची पेटी, आणि नळी न् पेटीच्या मधल्या जागेत लोखंडाचा कीस ठासून भरायचा. आवाज त्यात मुरतो. आठ दिवसांचं काम.

माझ्याकडं आठ दिवस नव्हते, आणि कोणी मला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही. घरी आलो. गोडेतेलाचे दोन डबे घेतले, बुडं कापली, एकाला एक जोडून स्टोव्ह दुरुस्तीवाल्याकडून सांध्याला डाक, म्हणजे झाळ, लावून घेतला. खिळ्यानं नळीला चाळणीसारखी भोकं पाडली. राहिला लोखंडाचा कीस. तो औशात मिळेना. मी विचार केला, आवाज मुरवायचा तर लोखंड कशाला? लोखंड तर वाजतं! मऊ पाहिजे. आमचा मुलूख कापसाचा. पण दुष्काळानं त्या साली नवा कापूस डोळ्याला दिसला नव्हता. दिसला तो एकाच ठिकाणी. माळवदाच्या खोलीत, मंगलच्या लग्नासाठी भरून ठेवलेल्या नव्या गादीत.

मी अख्खी गादी नाही घेतली. लोक सांगतात, ते खोटं आहे. पायाकडची बाजू उसवली, लागेल तेवढा कापूस काढला आणि शिवून टाकली. गादी थोडी उतरती झाली, एवढंच.

कापूस मुसळानं ठासला. पेटी तारेनं बांधली. आणि गाडी सुरू केली.

काय सांगू! सुरू झाली का नाही ते कळेना. मी उतरून बॉनेटवर हात ठेवला तेव्हा कळलं. मोंढ्याला एक चक्कर टाकली. कोणी बाजूला होईना. रस्त्यात बसलेला बैल मला बघून रवंथ करत राहिला. न्हाव्याच्या दुकानापुढं गेलो, आत माझ्यावरच बोलणं चाललं होतं, माझ्या नाकासमोर तसंच चालू राहिलं. घरी आलो तर चहा नाही. एरवी मी वेशीत आलो की आमची मंडळी आधण ठेवायची, म्हणजे मी बूट काढीपर्यंत कप हातात. आता ती अंगणात गव्हातले खडे निवडत बसलेली. मला बघून दचकली. म्हणाली, "आवं, चालत आलात का?"

मी म्हणालो, गाडीत आलो. ती बाहेर जाऊन गाडीला हात लावून आली. मग पहिल्यांदा, लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी पहिल्यांदा, म्हणाली, "हुशार हाव तुम्ही."

आता मला सांगा, असं ऐकल्यावर कोणता माणूस गाडी जास्त लांब चालवून बघतो?

येळवशीच्या दिवशी ठरलं असं. बाईमाणसांनी सकाळीच बैलगाडीनं शेतात जायचं, स्वयंपाक मांडायचा. मुदखेडचे पाहुणे नांदेडहून बसनं लातूरला यायचे, दुपारी बाराला. मी त्यांना गाडीतून थेट शेतात आणायचं.

बारा वाजता बस नाही. दोनला नाही. तीनला नाही. मी स्टँडवर ताटकळलो, आणि सगळा लातूर शेतात गेलेला असल्यामुळं भांडायलाही कोणी नव्हतं. चार वाजून गेले तेव्हा बस आली. बसलिंगप्पा उतरले ते चेहरा ओढलेला. मागं पोराची आई, तिच्या मागं पोरगा. कळलं ते असं, की वाटेत एका शेतात लोकांनी हात केला, ड्रायव्हरनं बस थांबवली, आणि ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे प्रवासी उतरून येळवशीचं जेवायला बसले. चांगले हात वाळेपर्यंत जेवले. फक्त ही तीन माणसं बसमध्ये बसून राहिली. लोकांनी आग्रह केला तर गार्डसाहेब म्हणाले, आमचं जेवण औशात सांगितलंय.

म्हणजे बघा, माझ्या भज्जीसाठी सकाळपासून उपाशी!

मी म्हणालो, बसा, आत्ता पोचवतो. आणि दार लावून गाडी सुरू केली. पोराच्या आईनं आधीच कानाला पदर लावला होता. गाडी स्टँडबाहेर आली, मोठ्या रस्त्याला लागली, तरी तिनं पदर काढला नाही. मग पोरगा म्हणाला, आई, काढ, आवाज न्हाई. तिनं एका कानाचा काढला. मग दुसऱ्याचा. बसलिंगप्पांनी माझ्याकडं पहिल्यांदा माणूस म्हणून बघितलं. "निवांत गाडी हाय," ते म्हणाले.

झालं. मला तेवढं पुरे होतं. उशीर झालेला, पाहुणे उपाशी, आणि गाडी निवांत. मी पाय दाबला. नवाबाचं इंजिन काय चीज आहे ते त्यांना दाखवायचं होतं, तेही आवाज न करता. औशाच्या रस्त्यानं ती गाडी अशी गेली की झाडं मागं पळताना दिसायची पण ऐकू काही येत नव्हतं.

गार्डाची एक खोड असते. तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेला माणूस, तो पुढं बघतच नाही. बसलिंगप्पा माझ्या शेजारी बसले होते, पण मान मागं.

"मन्मथप्पा, मागं धूर दिसून राहिला."

मी म्हणालो, धूळ आहे. दुष्काळ आहे, धूळ फार.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "धूळ काळी असती का?"

"आमच्याकडं जमीनच काळी, गार्डसाहेब."

यात काय चूक होतं सांगा. जमीन काळीच आहे.

डांबरी सोडून शेताच्या गाडीवाटंला लागलो. खड्डे, चाकोऱ्या, गचके. आता मला वाटतं, तिथंच डब्यांचा डाक सुटला असेल, आत हवा गेली असेल आणि तोवर नुसता धुमसणारा कापूस धडधडून पेटला असेल. पण तेव्हा मला मागचं काय दिसणार? मला पुढचं दिसत होतं, आणि पुढचं फार छान होतं. वाटेच्या दोन्ही अंगांच्या शेतांतले लोक माझ्या गाडीकडं बघून उभे राहत होते. हात हालवत होते. आरोळ्या देत होते. आणि मग एका शेतात हेंडगा पेटला. मग पलीकडच्या. मग ओढ्याच्या अंगाला. धुऱ्याधुऱ्यानं जाळ माझ्याही पुढं धावत होता, आणि मला अजून ओढ्याला लांबचा वळसा घालायचा होता.

माझी छाती फुगली. मी पाहुण्यांना म्हणालो, बघा, आपल्याला मान किती आहे शिवारात. पाहुणे येणार म्हणून सांगून ठेवलं होतं मी.

बसलिंगप्पा म्हणाले, "लोक तुमच्या गाडीच्या मागं बोट दाखवून राहिले."

खरी गोष्ट काय होती ती मला नंतर कळली. त्या दिवशी टँकर संध्याकाळी येणार अशी बातमी होती. सगळ्यांना लवकर घरी जायचं होतं, पण दिवस मावळायच्या आत पहिला हेंडगा पेटवून बोल कोण लावून घेणार? अन् तेवढ्यात काय दिसलं त्यांना? वाटेनं एक जाळ सुसाट चाललाय. आवाज नाही, म्हणजे गाडी असणं शक्यच नाही. मन्मथप्पाची तर मुळीच नाही. लोक म्हणाले, कोणीतरी पेटवला, चला! आणि अख्ख्या शिवारानं मावळतीच्या आधीच हेंडगा फिरवून येळवस मोडली. मी विचारतो, धावत जाणारा हेंडगा आजवर कोणी बघितला होता का? माणसानं पेटवायच्या आधी नीट बघायला नको?

आमच्या शेतात पोचलो. कोपीपुढं मंडळी कमरेवर हात देऊन उभी. भांडी आवरलेली, पातेली पालथी. तिचं काय झालं, ती दुपारपासून वाट बघत होती. चारी बाजूंनी हेंडगे फिरायला लागले तसं तिला वाटलं, आता पाहुणे येत नाहीत, आणि आपल्या शेतातला हेंडगा फिरायच्या आत अन्न वाढून संपवायला पाहिजे. तेवढ्यात रोजगार हमीवर खडी फोडणारी परगावची माणसं वाटेनं चालली होती. तिनं हाक मारून त्यांना बसवलं. दुष्काळातली राबून आलेली माणसं ती, मी ओढ्याला वळसा घालून येईपर्यंत त्यांनी सगळ्याचा फडशा पाडला. भज्जीचं पातेलं त्यांनी बोटानं पुसून ठेवलं होतं. पाहुण्यांसाठी म्हणून फडक्यात बांधून तिनं एकच वस्तू मागं ठेवली होती, आंबिलीचं बिंदगं.

मी काचेतून हसून तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. "आवं," ती म्हणाली, "ढुंगण पेटलंय."

बसलिंगप्पा तोवर दार उघडून बाहेर होते. "सगळे उतरा. पाणी आणा. टाकी मागंच हाय, पाणी आणा."

पाणी! विहीर आटून दोन वर्षं झालेली. शिवारात थेंब नाही. मी उपरण्यानं जाळ झोडपायला गेलो तर उपरण्याला घेऊन जाळ मोठा झाला. आणि मग त्या माणसानं, जो सकाळपासून उपाशी होता आणि ज्याच्यासाठी एवढी एकच वस्तू राखलेली होती, त्यानं कोपीतून ते बिंदगं उचललं, फडकं काढलं, आत एकदा बघितलं (ते बघणं मी विसरणार नाही), आणि सगळी आंबील गाडीखाली ओतली.

चर्रर्र झालं. लसूण, जिरं, ताक आणि जळकी गादी यांचा एकत्र वास तुम्ही कधी घेतला नसेल. घेऊ नका.

जाळ विझला. पेटी गळून खाली पडली. आणि तेवढ्यात कळलं की मी इंजिन बंदच केलं नव्हतं. आवाजच नव्हता तर कळणार कसं? पेटी पडली तशी ती सरळ नळी मोकळी झाली आणि नवाबाचं इंजिन एकदम असं ओरडलं की पोराची आई खाली बसली. पलीकडच्या वाटेनं घरी निघालेल्या बैलगाड्यांमधून ओरडा उठला, टँकर आला, टँकर आला, आणि सगळ्या गाड्या एकमेकांना घासत गावाकडं पळाल्या. ते लोक पुढं महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा पाण्याबद्दलच बोलले.

घरी बैलगाडीनं आलो. मुदखेडकडं जायला आता बस नव्हती, म्हणून पाहुणे मुक्कामाला राहिले, नाहीतर तेव्हाच गेले असते. मंडळींनी पिठलं-भाकरी केली. बसलिंगप्पांनी ताट बाजूला सारलं. मोठ्यानं बोलले नाहीत, तो त्यांचा स्वभाव नव्हता.

"येळवशीचं जेवण सांगितलं होतं. येळवशीचं खाऊनच होय म्हणायचं ठरवून आलो होतो. ते मिळालं न्हाई, तर होय बी न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो."

मी समजावायला गेलो की हेंडगा मी फिरवलेलाच नाही, तो लोकांनी फिरवला, आणि शेतातलं अन्न मी दिलेलं नाही, ते हिनं दिलं. ते म्हणाले, "गादी कुणी दिली?"

म्हणजे कापूस कसला ते मंडळींनी ओळखलं होतं, आणि सांगूनही टाकलं होतं!

मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, सकाळी पुन्हा भज्जी कर. ती म्हणाली, कशाची करू? ओला हरभरा, तुरीचे दाणे, पालेभाजी, गावभर फिरून जमवलं होतं, दुष्काळात दुसऱ्यांदा कोण देईल? आणि येळवशीची भज्जी एकदाच शिजते, घरात नव्हे, शेतात. चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "लोकांच्या घरी उरली असंल. शिळी भज्जी तर आणखी चांगली लागती. जा, मागून आणा."

मी? मन्मथप्पा? दारोदार? मी म्हणालो, लहानपणापासून मी कोणाच्या उंबऱ्यात उभं राहून काही मागितलेलं नाही. शाळेत पेन्सिलसुद्धा मागितली नाही. (म्हणूनच मास्तरांशी पटलं नाही.) तू जा, मेव्हण्याला पाठव. ती म्हणाली, "घालवली कुणी? आणायची त्यानंच."

मंगल कोपऱ्यात भांडी पुसत होती. तिनं कडीचा डबा उचलला, आतून बाहेरून पुसला आणि माझ्यापुढं ठेवला. बोलली काहीच नाही. बोलली असती तर मी तिच्याशी भांडलो असतो. न बोलणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे उठायच्या आत मी निघालो. चालत. थंडी म्हणून डोक्यावरून घोंगडं घेतलं, आणि थंडी नसती तरी घेतलं असतं. कपाळाला भस्म लावलेलं. हातात कडीचा डबा. पहिलं घर सगळ्यात लांबच्या आळीतलं धरलं, जिथं ओळख कमी. दारात उभा राहिलो आणि काय म्हणायचं तेच सुचेना. आयुष्यात मला कोणाच्या दारात आल्याचं सांगावं लागलं नव्हतं, गाडीच सांगायची. मनात जुळवणी केली होती, की काल तुम्ही न बघता हेंडगा पेटवला, चूक तुमची आहे, तरी मी मोठ्या मनानं तुमच्याकडची भज्जी न्यायला आलोय. पण घशातून नुसतं "शिव शिव" निघालं.

आतून नवी सून आली. पदर सावरला, माझ्या पाया पडली, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या डब्यात पसाभर ज्वारीचं पीठ घातलं.

"जंगमस्वामी," ती म्हणाली, "पाऊस पडू दे म्हणावं देवाला."

मी तिला आशीर्वाद दिला, डबा भज्जीसाठी मोकळा पाहिजे म्हणून पीठ खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला बांधून घेतलं, आणि पुढच्या घरी जरा मोठ्यानं शिव शिव म्हणालो.